लायसन्स नसताना नवीन बाईक घरी कशी आणायची

लायसन्स अजून हातात नाही, बाईक मात्र बुक झाली, पैसे भरून झाले आणि आता ती घरी कशी न्यायची असा प्रश्न पडलाय, तर पहिलं सांगतो, स्वतः चालवत न्यायची नाही. दोन किलोमीटर असलं तरी नाही, रस्ता मोकळा असला तरी नाही, "सायकल येते ना, मग बाईक पण जमेल" असं कोणी पाठीवर थाप मारून सांगितलं तरी नाही. यात टेन्शन घेण्यासारखं काही नाहीये. गाडी दुसऱ्याने आणून देणं हे रोजचं काम आहे, शोरूमवाले करतात, टेम्पोवाले करतात, मित्र करतात, फक्त आधी थोडी तयारी लागते आणि कोणाला काय विचारायचं ते माहीत असायला लागतं.

लोक फक्त पोलिसांच्या दंडाचा विचार करतात पण तो यातला सगळ्यात छोटा भाग आहे, खरा घोळ इन्शुरन्सचा आहे. बहुतेक पॉलिसीत अट असते की गाडी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स पाहिजे. ते नसताना गाडी पडली, घासली, कोणाला लागली तर तुमच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि समोरच्याला लागलं असेल तर त्याची भरपाई कंपनीने आधी देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करणं हे पण बऱ्याच ठिकाणी होतं. म्हणजे ज्या दिवशी गाडी एकदम कोरी आहे त्याच दिवशी तुम्ही विनाइन्शुरन्स फिरताय असं समजा.

शिवाय नवीन गाडीचे सुरुवातीचे किलोमीटर सवयीच्या माणसाला पण जपूनच काढावे लागतात. टायर नवा असतो, वरचा थर अजून घासला गेलेला नसतो त्यामुळे पकड कमी असते, ब्रेकचे पॅड डिस्कवर नीट बसलेले नसतात त्यामुळे गाडी अपेक्षेपेक्षा जरा पुढे जाऊन थांबते, आणि क्लच नेमका कुठे पकडतो हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. ज्याला चालवता येतं त्याला हे पहिल्या दोन सिग्नलमध्ये समजतं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी हे सगळं एकाच वेळी आणि ते पण ट्रॅफिकमध्ये, नको रे बाबा.

आता सगळ्यात सोपा मार्ग, शोरूमलाच सांगायचं की घरी पोचवा. पण हे डिलिव्हरीच्या दिवशी नाही, सौदा ठरताना बोलायचं, कारण शेवटचे पैसे भरायच्या आधी तुमच्या शब्दाला जे वजन असतं ते नंतर राहत नाही. बरेच जण थोडे पैसे घेऊन देतात, काही फुकट पण देतात. दोन गोष्टी स्पष्ट विचारा. गाडी टेम्पोत येणार की त्यांचा माणूस चालवत आणणार? आणि रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कोणाची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी न घेता मेसेजवर किंवा कागदावर घ्या. माणूस चालवत आणणार असेल तर निघण्याआधी मीटरचं रीडिंग आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो मागवा, हे मागायला संकोच करू नका, चांगला डीलर स्वतःहून पाठवतो.

गाडी दारात आली की सही करायची घाई करायची नाही. उजेडात बघायची, संध्याकाळी अंधारात नाही. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची टोकं बघा, गाडी आडवी झालेली असेल तर पहिला ओरखडा तिथेच पडतो, मग हँडलची टोकं, फूटरेस्टचं टोक, सायलेन्सरची बाहेरची बाजू, इंडिकेटर. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर हँडलच्या खाली फ्रेमवर ठोकलेला असतो, तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो, हँडल एका बाजूला वळवलं की दिसतो. तो बिलावरच्या, इन्शुरन्सवरच्या आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावरच्या नंबरशी एकेक अक्षर लावून बघा. कंटाळवाणं काम आहे पण एक अक्षर चुकलं तर पुढे ट्रान्सफर आणि क्लेम दोन्हीकडे अडकतं. इंजिन नंबर पण तसाच. दोन्ही चाव्या आल्यात ना ते बघा.

सेकंडहँड घेताय तर याहून सोपं, विकणाऱ्यालाच म्हणा की तुम्हीच घेऊन या, बाकीचे पैसे दारात देतो. त्याच्याकडे लायसन्स आहे, गाडी त्याच्या नावावर आहे, गाडीची नस त्याला माहीत आहे. आणि तुमचा फायदा असा की गाडी एवढं अंतर चालून आली, गरम झाली, त्यानंतर बंद करून पुन्हा चालू होते का ते तुम्हाला समोर दिसतं, गरम इंजिन पटकन चालू होत नसेल तर ते कळायला यापेक्षा चांगली वेळ नाही. त्याला परत जायची सोय मात्र तुम्ही करा, तेवढं तर करायलाच पाहिजे.

मित्राला किंवा घरातल्या कोणाला सांगणार असाल तर त्याचं लायसन्स आधी बघून घ्या, मैत्रीत हे विचारायला ऑड वाटतं पण बघा. कारचं लायसन्स म्हणजे बाईकचं नव्हे, बहुतेक देशांत दोन्ही वेगळे प्रकार आहेत, आणि पुढे त्यात पण गिअरवाली आणि बिनगिअरची असा फरक असतो, काही ठिकाणी इंजिन किती सीसीचं किंवा किती पॉवरचं यावर पण लायसन्सचे टप्पे असतात. म्हणजे वर्षानुवर्षं स्कूटर चालवणारा मित्र तुमच्या ४०० सीसीवर बसायला कायद्याने चालेलच असं नाही. मग इन्शुरन्स. काही ठिकाणी पॉलिसी गाडीवर असते, लायसन्सवाला कोणीही चालवू शकतो, तर काही ठिकाणी पॉलिसीत ज्याचं नाव आहे त्यालाच कव्हर असतं. कंपनीला एक फोन करून विचारा, "अमुक तारखेला माझी गाडी दुसरा माणूस घरी आणणार आहे, चालतं का", आणि पॉलिसी त्या दिवसापासून, त्या वेळेपासून चालू झालेली आहे ना ते बघा, रात्री बारानंतर चालू होणारी पॉलिसी दुपारच्या डिलिव्हरीला काही कामाची नाही. नंबर पक्का असो की तात्पुरता, तो गाडीवर लागलेला असल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.

मित्राला पण सांगा की बाबा पहिली दहा मिनिटं शोरूमच्या आवारातच फिरव, हॉर्न कुठे, इंडिकेटर कुठे, क्लच कुठे पकडतो, पाय जमिनीला टेकतात का. पेट्रोल बघा, नवीन गाडीत जेमतेम जवळच्या पंपापर्यंत पोचेल एवढंच असतं बऱ्याचदा. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी वळणावर फार वाकवायची नाही आणि इंजिन जोरात ताणायचं नाही. हेल्मेट त्याने स्वतःचं आणायचं, आणि तुम्ही मागे बसणार असाल तर तुमचं पण लागेल, ते आधी घेऊन ठेवा. खरं सांगू का, मागे बसूच नका, दुसऱ्या गाडीने मागून या, मित्राला अनोळखी गाडीवर मागे वजन नसेल तर खूप सोपं जातं.

शिकाऊ लायसन्स असेल तर? त्यावर काही ठिकाणी अटींसह चालवता येतं, कुठे सोबत अनुभवी माणूस लागतो, कुठे आधी ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं, कुठे मागे कोणी बसवता येत नाही. तुमच्याकडचे नियम बघा. पण कायदा चालेल म्हणत असला तरी आयुष्यातली पहिली राइड ही शोरूम ते घर अशी ट्रॅफिकमधून करू नका, माझं तरी हेच मत आहे.

कोणीच मिळत नाही, किंवा अंतर जास्त आहे, किंवा कागद अजून पूर्ण नाहीत, तर टेम्पो. याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण रस्त्यात गाडीला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी चढवताना, बांधताना आणि उतरवतानाच लागतात, आणि टेम्पोवाल्याला रोज फ्रिज-कपाटं न्यायची सवय असते, बाईकची असेलच असं नाही. त्यामुळे ठरवताना विचाराच, की याआधी बाईक नेली आहे का, फळी आहे का, पट्टे आहेत का. त्याच्याकडे नुसती दोरी असेल तर पट्टे तुम्ही घ्या, रॅचेटवाले, म्हणजे दांडा पुढेमागे करून आवळता येतात ते, चार नग. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि गाठ हळूहळू सैल पडते, अर्ध्या रस्त्यात गाडी डुलायला लागते.

फळीच्या लांबीवर सगळा खेळ आहे. हौदा जमिनीपासून ८० सेंटीमीटर उंच असेल आणि फळी दीड मीटरची असेल तर चढ ३० अंशांच्या वर जातो, तीच अडीच मीटरची घेतली तर २० च्या खाली येतो, आणि तेवढ्या फरकाने काम तीन माणसांचं होतं की पाच जणांच्या आरडाओरड्याचं होतं हे ठरतं. फळी छोटीच असेल तर टेम्पो असा लावा की त्याची मागची चाकं खोलगट जागेत येतील, किंवा मागची बाजू एखाद्या उंचवट्याला टेकेल, चढ आपोआप कमी होतो. आणि फळीचं वरचं टोक टेम्पोला बांधा. हे विसरायचं नाही. गाडीचं वजन वर आलं की फळी मागे सरकायला बघते, न बांधलेली फळी सटकली की गाडी आणि माणूस दोघे खाली.

साधी १२५ सीसीची गाडी पण ११५-१३० किलोच्या आसपास असते, ३५० ची १८० च्या वर जाते. तीन माणसं पाहिजेत. एक डाव्या बाजूला हँडल धरून, दोघे मागून. मागच्यांनी मागचं लोखंडी हँडल किंवा फ्रेम धरायची, इंडिकेटर, मडगार्ड, नंबरप्लेट धरून ढकलायचं नाही, आणि गाडी चालू करून आणली असेल तर सायलेन्सरपासून हात-पाय लांब. इंजिन बंदच ठेवायचं, इंजिनच्या जोरावर फळीवर चढवायचे प्रकार नवख्याने करायचेच नाहीत.

आता एक जागा अशी येते जिथे हमखास गडबड होते. पुढचं चाक हौद्यात गेलेलं असतं, मागचं अजून फळीच्या मध्यावर, गाडीचं पोट फळीच्या कडेला घासायला लागतं, आणि हँडल धरलेला माणूस मात्र अजून खाली जमिनीवर, कारण फळी एकच आहे आणि त्यावर चाक आहे. त्याचा हात वर ताणला जातो, गाडी त्याच्यापासून लांब, पलीकडे कलायला लागते. म्हणून शेजारी दुसरी फळी किंवा भक्कम पेटी ठेवा म्हणजे तो गाडीच्या बरोबरीने वर चढेल, आणि या तिघांशिवाय चौथा एक जण आधीच हौद्यात उभा ठेवा, पुढचं चाक आलं की हँडल धरायला.

मध्येच थांबावं लागलं तर लोक पुढचा ब्रेक दाबतात आणि गाडी तरी मागे सरकते, मग घाबरतात. कारण साधं आहे, चढावर गाडीचं वजन मागच्या चाकावर आलेलं असतं, पुढचं चाक हलकं असतं, ते लॉक होऊनही घसरतं. म्हणून गाडी बंद अवस्थेत पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवा आणि हँडलवाल्याने क्लच दाबून धरायचा. थांबायचं असेल तेव्हा क्लच सोडला की मागचं चाक इंजिनच धरून ठेवतं. उतरवताना तर ही युक्ती सोन्यासारखी आहे, गाडी उलटी मागे मागे येत असते, क्लच थोडा सोडला की थांबते, दाबला की सरकते, आरामात एकेक फूट खाली घेता येते.

हौद्यात गाडी सरळ, पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवून उभी करायची. भिंत आणि चाकाच्या मध्ये जुनी चादर किंवा पुठ्ठा. गाडी आडवी झोपवून न्यायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी नाही, पेट्रोल गळतं, बॅटरीचं पाणी सांडू शकतं, आणि रंगाचं जे होतं ते वेगळंच.

बांधताना पुढचे दोन पट्टे महत्त्वाचे. हेडलाइटच्या मागे दोन्ही शॉकअप जिथे एकत्र धरलेले असतात ती खालची टी, तिथून पट्टे घ्यायचे, एक डावीकडे एक उजवीकडे, खाली आणि पुढच्या बाजूला, साधारण ४५ अंशात. हँडलच्या ग्रिपवरून, लिव्हरवरून, ब्रेकच्या पाइपवरून पट्टा नेऊ नका. एक बाजू थोडी, मग दुसरी थोडी, असं आलटून पालटून आवळायचं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढली जाते. किती आवळायचं? पुढचे शॉकअप जेवढे दबतात त्याच्या अर्ध्यापर्यंत दबले की बास. सैल ठेवलं तर खड्ड्यात गाडी खाली बसते, पट्टा क्षणभर ढिला होतो आणि आकडा कडीतून निसटतो. पूर्ण दाबून टाकलं तर लांबच्या प्रवासात ऑइल सीलवर ताण येतो आणि नव्या गाडीचं शॉकअप गळायला लागू शकतं.

मागचे दोन पट्टे मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटपासून किंवा फ्रेमपासून खाली आणि किंचित मागे, त्यांचं काम गाडीची शेपटी इकडेतिकडे सरकू न देणं एवढंच, त्यांना फार ताणायची गरज नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावले तर अजून चांगलं.

साइड स्टँड वर. यावर टेम्पोवाल्यांशी वाद होतो, ते म्हणतात स्टँडवर राहू द्या, बरी उभी राहील. नाही राहात. पट्टे गाडीला खाली ओढतात, स्टँडवर सगळा भार येतो, स्टँड वाकतो किंवा फ्रेमवरचं त्याचं वेल्डिंग ताणलं जातं, आणि एखाद्या धक्क्याने स्टँड मिटला की सगळे पट्टे एकदम ढिले. डबल स्टँडवर पण न्यायची नाही. गाडी दोन चाकांवर आणि चार पट्ट्यांवर उभी पाहिजे, बांधून झाली की सीट धरून जोरात हलवून बघा, गाडीबरोबर अख्खा टेम्पो हलला पाहिजे.

पट्टा जिथे जिथे रंगाला किंवा क्रोमला टेकतो तिथे मऊ स्वच्छ कापड. पट्ट्याखाली धूळ अडकली आणि तो तासभर थरथरत राहिला की पॉलिश पेपर मारल्यासारखा डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. लांब मोकळ्या पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही, उरलेलं टोक गुंडाळून बांधून टाका. आरसे काढून केबिनमध्ये ठेवा. गिअर पहिल्यातच राहू द्या. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा. आणि गाडी धरून ठेवायला म्हणून कोणालाही मागे हौद्यात बसवू नका, दीडशे किलो कलंडायला लागलं तर माणूस ते थांबवू शकत नाही, तोच मध्ये सापडतो.

निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा थांबून पट्टे परत आवळा. गाडी जागेवर बसते आणि पहिला ढिलेपणा तेव्हाच येतो. नंतर फारसं बघावं लागत नाही.

घर अगदी जवळ असेल तर हाताने ढकलत नेता येते, इंजिन बंद, तुम्ही शेजारून चालत, सपाट रस्ता, दिवसा, सोबत एक माणूस. पण उतार आला म्हणून वर बसून सोडून द्यायची नाही, बऱ्याच ठिकाणी ते चालवणंच धरलं जातं आणि इंजिन बंद असलं तरी गाडी पडायची तशीच पडते. दोरीने टोचन करून नेणं किंवा मागच्या बाईकवरून पाय लावून ढकलत नेणं तर नकोच, कारण पुढच्या गाडीवर कोणीतरी हँडल धरून बसावंच लागतं, म्हणजे परत विनालायसन्स तुम्हीच, आणि ते पण दुसऱ्याच्या वेगाने.

गाडी घरी आली, लायसन्सला अजून वेळ आहे, मग ती नुसती उभी राहणार. सावलीत, कोरड्या जागी, हँडल लॉक करून ठेवा, चावी गाडीजवळ टांगून ठेवू नका, घरातलं किंवा शेजारचं कोणीतरी "एक चक्कर मारून येतो" म्हणतंच. दर दोन दिवसांनी पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय लावू नका, तेवढ्यात बॅटरी भरत नाही उलट स्टार्टरला जेवढी जाते तेवढी पण परत येत नाही, आणि इंजिन पूर्ण तापत नाही म्हणून आत ओल धरते. महिनाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची वजा तार काढून ठेवा किंवा बाईकच्या बॅटरीसाठी मिळतो तो छोटा चार्जर लावा. टायरमधली हवा अधूनमधून बघा.

मोकळ्या मैदानात किंवा पार्किंगमध्ये हात साफ करायचा मोह होईल. जिथे लोकांची ये-जा आहे ती जागा बऱ्याच देशांत कायद्याने रस्त्यासारखीच धरतात, त्यामुळे खाजगी, बंदिस्त जागा आणि मालकाची परवानगी असेल तरच. त्यापेक्षा ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर शिका, ती पडली तर जीव हळहळत नाही. घरी मात्र गाडीवर नुसतं बसून, इंजिन बंद ठेवून, लिव्हर-गिअर-इंडिकेटर न बघता सापडेपर्यंत सराव करता येतो, स्टँडवरून काढणं-लावणं, मागे सरकवणं, शेजारून चालत वळवणं, हे सगळं जमलं तर टेस्टच्या दिवशी निम्मं काम झालेलं असतं.

एक राहिलं, पहिली सर्व्हिस. ती फक्त किलोमीटरवर नसते, अमुक किलोमीटर किंवा अमुक दिवस, जे आधी होईल ते, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. गाडी एक किलोमीटर पण चालली नसली तरी दिवस चालूच असतात, आणि तारीख चुकली तर वॉरंटीवरून नंतर वाद होतात. म्हणून पुस्तिकेत तारीख बघा, लायसन्स तोपर्यंत येणार नसेल तर शोरूमला आधीच फोन करून सांगा, मुदत वाढवून देतात की गाडी न्यायला माणूस पाठवतात ते विचारा, आणि जे काही ठरेल ते मेसेजवर घेऊन ठेवा.